मूळ नसलेल्यांची मुळं

पहिल्यांदा वाटलं, सालीखाली कुणीतरी वायर दडपून ठेवली आहे.

झाड केव्हाच मेलेलं होतं. पडायचं तेवढं राहिलं होतं. पावसानं फुगलेल्या सालीत बोटं घातली तशी ती भिजल्या पुठ्ठ्यासारखी सुटून आली आणि आत लाकडाला चिकटलेलं काळंभोर जाळं दिसलं. चपट्या, चकचकीत पट्ट्या. कुठे एकीचे दोन फाटे झालेले, कुठे ते फाटे पुढे जाऊन पुन्हा एकमेकांना मिळालेले. मी एक टोक चिमटीत धरून ओढलं. वायर असती तर ताणली गेली असती. हे कट्कन तुटलं, आणि तुटल्या जागी आत पांढराशुभ्र गाभा. नाकाशी धरलं तर ओल्या मातीचा आणि अळंब्याचा वास.

मग वाटलं, शेजारच्या एखाद्या झाडाची मुळं असतील. पण मुळं सालीच्या आतून माझ्या खांद्याच्या उंचीपर्यंत वर कशाला चढतील? बुंध्याशी बसून काडीनं माती उकरली, तर तिथेही तेच. फरक इतकाच की मातीतले दोर चपटे नव्हते, गोल होते. बुटाच्या नाडीएवढे जाड, तपकिरी-काळे, फाटे फुटत फुटत लांब कुठेतरी गेलेले. कुठे गेलेत ते पाहायला मी हातभर खणलं आणि कंटाळून थांबले. आज वाटतं, थांबले ते बरंच झालं. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. त्या यादीत बुरशीचं मूळही घालायला हरकत नाही.

कारण ती बुरशी होती. आर्मिलारिया. हिची छत्री मधाच्या रंगाची असते म्हणून इंग्रजीत तिला मधाची बुरशी म्हणतात, आणि या दोरांमुळे बुटाच्या नाडीची बुरशी असंही म्हणतात. दोराला शास्त्रात नाव आहे ऱ्हायझोमॉर्फ, म्हणजे मुळासारखं रूप असलेलं. मराठीत 'मूलरूप' म्हणावं तर 'मूळचं रूप' असा भलताच अर्थ निघतो. तेव्हा मी आपला 'काळा दोर' म्हणते.

मी फसले याचं फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, कारण माझ्याआधी चांगले जाणकार फसले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस वनस्पतिशास्त्रज्ञांनी या दोरांना स्वतंत्र जीव समजून त्यांच्यासाठी ऱ्हायझोमॉर्फा नावाची वेगळी प्रजाती उभी केली. पुढे सालीखाली सापडतो तो एक, जमिनीखाली सापडतो तो दुसरा, अशा तिच्या जातीही पडल्या. १८७०च्या दशकात रॉबर्ट हार्टिग या जर्मन वनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की सालीखालचा दोर, मातीतला दोर आणि बुंध्याशी उगवणारी मधाळ छत्री हे सगळं एकाच बुरशीचं आहे. तोवर विद्वान मंडळी एकाच प्राण्याच्या शेपटीला आणि कानाला वेगवेगळी नावं देत बसली होती.

मुळासारखं दिसणारं बुरशीत आणखीही बरंच काही असतं. शिळ्या पावाच्या तुकड्यावर येणारी काळी बुरशी घ्या. तिचं नावच ऱ्हायझोपस, म्हणजे मूळ-पाय. एकदा मी मुद्दाम ओलसर तुकडा झाकणाच्या पारदर्शक डबीत ठेवला आणि रोज भिंगातून बघत राहिले. आधी नुसता पांढरा कापूस. मग त्या कापसातला एखादा धागा पृष्ठभागापासून वर उचलला जातो, कमान करून पुढे जातो आणि टेकतो. जिथे टेकतो तिथे खाली बारीक मुळांचा झुपका फुटतो आणि वर दोन-चार उभ्या काठ्या, ज्यांच्या टोकाला पुढे काळ्या गोळ्या धरतात. मग पुन्हा कमान, पुन्हा झुपका. स्ट्रॉबेरीचा वेल जमिनीवर टेकत टेकत जातो, अगदी तसं. डबीची काच आडवी आली तर काचेवरही तिनं झुपके टेकवले, जिथे खायला काहीच नव्हतं. पण हे झुपके म्हणजे सुट्या धाग्यांचे फाटे. काम धरून ठेवण्याचं आणि थोडं शोषण्याचं. काळा दोर ही फार पुढची गोष्ट आहे.

बुरशीचं शरीर म्हणजे मुळात धागा. माणसाच्या केसाचा साधारण दहावा हिस्सा, कधी त्याहूनही बारीक. तो वाढतो फक्त टोकाशी. मागचा भाग जागचा हलत नाही. आतल्या आत भिंतीचं सामान बारीक पुड्यांतून टोकाकडे पोचवलं जातं आणि टोक पुढे सरकत राहतं. त्या पुड्यांचा टोकाशी जो घोळका जमतो त्याचं नाव स्पिट्झेनक्योर्पर, हा शब्द उच्चारताना मला दर वेळी ठेच लागते. खाण्याची रीतही निराळी. आपण अन्न पोटात घेतो, बुरशी अन्नाच्या पोटात शिरते. पाचकरस बाहेर टाकायचे, बाहेरच पचवायचं आणि विरघळलेलं आत ओढून घ्यायचं.

आता अशा धाग्याची अडचण बघा. एका मेलेल्या खोडात तो सुखात आहे. पण खोड आज ना उद्या संपणार, आणि पुढचं लाकूड दहा पावलांवर. मधली माती म्हणजे त्याच्या दृष्टीनं वाळवंट: कोरडी, लाकडाचा कण नाही, आणि धागे खाऊन टाकणारे किडे, जंतू, परक्या बुरशी यांनी भरलेली. उघडा एकटा धागा त्यात फार लांब जात नाही.

म्हणून दोर. हजारो धागे एकमेकांना बिलगून एकाच दिशेनं वाढतात. बाहेरचे धागे आखूड, जाड भिंतींचे होतात आणि त्यांत मेलॅनिन भरतं, आपल्या केसांत आणि कातडीत असतं त्याच कुळातलं काळं रंगद्रव्य. त्यानं ओल आत टिकते आणि जंतूंना आत शिरणं जड जातं. आतले धागे रुंद, लांब, पांढरे, वाहतुकीचे. पुष्कळदा मधोमध पोकळी असते, तिच्यातून हवा खेळते. टोकावर चिकट बुळबुळीत टोपी. भिंगाखाली टोक धरलं तर मुळाचं टोक कुठलं आणि याचं कुठलं, सांगता येऊ नये. घडण मात्र पार वेगळी. झाडाचं मूळ म्हणजे विटांचं बांधकाम, पेशीवर पेशी रचून केलेलं. हा वळलेला दोर आहे. कुणी वळला, हे विचारायचं नाही. धाग्यांनी स्वतःलाच वळलं.

वाढतोही जोरात. प्रयोगशाळेतल्या बशीत हा दोर त्याच बुरशीच्या सुट्या धाग्यांच्या कितीतरी पट वेगानं पुढे जातो. एकत्र आल्यानं वेग कमी व्हावा, असा माझा मनुष्यसमाजातला अनुभव.

आणि इथेच माझी समजूत उलटी झाली. मी त्या दोराकडे मूळ म्हणून पाहत होते, आणि मूळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेला व्यवहार येतो: मातीतून घ्यायचं आणि वर झाडाला द्यायचं. काळा दोर मातीतून घेतो ते किरकोळ. त्याच्यातून जे वाहतं ते मागून पुढे, खाल्लेल्या खोडाकडून न पाहिलेल्या खोडाकडे. जुन्या लाकडातून मिळालेलं अन्न-पाणी टोकापर्यंत पोचतं, म्हणूनच ते टोक उपाशी मातीतून चालू शकतं. म्हणजे हे मूळ नव्हे, ही शिदोरी आहे. घरची भाकरी बांधून निघालेला माणूस जितका लांब जाईल तितकाच हा जातो. मागचं खोड केवढं, त्यावर पुढची मजल ठरते. म्हणून जंगलखात्याची माणसं हा रोग आटोक्यात आणायचा तर मेलेल्या झाडाचा बुंधा मुळांसकट काढून टाकायला बघतात. दोर तोडून भागत नाही. तुटलेल्या तुकड्याला नवं टोक फुटू शकतं. शिदोरीच काढून घ्यावी लागते.

वाटेत दोराला जिवंत मूळ भेटलं तर? टोक मुळाला चिकटतं, बाजूनं एक फांदी काढतं आणि ती थोड्या जोरानं, थोड्या रसायनांनी साल फोडून आत घुसते. आत गेल्यावर दोर पुन्हा सुटा होतो. साल आणि लाकूड यांच्यामध्ये पांढऱ्या धाग्यांचा पंखा उघडतो. झाडाची जाडी वाढते ती नेमकी याच पातळ थरात, आणि तोच थर मरतो. मराठीत 'मुळावर उठणं' म्हणतात ते इतकं शब्दशः घडताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. झाड मेलं तरी काम संपत नाही, उलट सुरू होतं. पुढची कित्येक वर्षं तेच लाकूड शिधा. एक गोष्ट मला फार चटका लावून गेली. १९६३ साली असं दिसून आलं, की आर्मिलारियाच्या खाद्यात थोडंसं अल्कोहोल घातलं तर दोर भराभर तयार होतात. आणि पाणी साचून घुसमटलेली मुळं नेमकं अल्कोहोलच बनवतात. झाडाच्या अडचणीचा वास शत्रूला भूक लावतो, असा थेट निष्कर्ष काढायचा मोह होतो. मी तो अर्धाच काढते.

या दांडगाईला शेरास सव्वाशेर भेटलेला आहे, आणि तो कोण, तर एक ऑर्किड. गॅस्ट्रोडिया इलाटा. पूर्व आशियात होतं, चिनी औषधांत त्याचा कंद शतकानुशतकं वापरला जातो. पानं नाहीत, हरितद्रव्य नाही, धड मुळंही नाहीत. आर्मिलारियाचा दोर नेहमीच्या सवयीनं त्या कंदात घुसतो आणि फसतो. कंद त्याला आपल्या बाहेरच्या थरांत शिरू देतो आणि तिथे त्याचेच धागे पचवून टाकतो. लांबच्या एखाद्या ओंडक्यातून आणलेली शिदोरी अशी परस्पर दुसऱ्याच्या घरात उतरते. ओंडक्यासोबत हा कंद पुरून त्याची शेतीही करतात. म्हणजे शेतकरी आधी बुरशी पोसतो, मग ती बुरशी पीक पोसते.

दोर वळणारी आर्मिलारिया एकटी नाही. सर्पुला लॅक्रिमान्स ही घरातलं लाकूड खाणारी बुरशी दोरांतून पाणी आणि अन्न वाहत विटांच्या भिंतीतून, गिलाव्याच्या मागून पलीकडच्या खोलीतल्या लाकडापर्यंत पोचते. नावातल्या लॅक्रिमान्सचा अर्थ रडणारी, कारण तिच्या अंगावर पाण्याचे थेंब जमतात. युरोपातल्या घरांचा तिनं शेकडो वर्षं छळ केला, पण जंगलात ती क्वचितच सापडते. ज्या थोड्या ठिकाणी सापडली त्यांत हिमालय आहे. उष्ण प्रदेशातल्या जंगलांत मरास्मियस घराण्यातल्या बुरशी घोड्याच्या केसासारखे काळे, चिवट दोर हवेतच फांद्यांमधून सोडतात. गळणारी पानं त्यांत अडकतात आणि जमिनीवर पोचण्याआधीच खाल्ली जातात. पक्षी ते दोर उचलून घरट्यात विणतात. सुगरणीच्या जातीला याहून बरा दोरा मिळायचा नाही.

पण दोराची खरी ताकद कळायला अंतर मोजावं लागतं. बीजाणू उडवणं हा बुरशीचा जुगार. लाखो फासे वाऱ्यावर टाकायचे, एखादा पडला तर पडला, आणि त्यातून उगवेल तो नवा जीव. दोर जुगार खेळत नाही. तो वाढतो ते त्याच एका जिवाचं अंग म्हणून. ते अंग कुठवर गेलंय हे शोधायची युक्ती साधी आहे. दोन ठिकाणचे नमुने एका बशीत शेजारी शेजारी वाढवायचे. एकाच जिवाचे असतील तर धागे मिसळून जातात; परके असतील तर मधे सीमारेषा उभी राहते. मायरन स्मिथ, योहान ब्रून आणि जेम्स अँडरसन यांनी मिशिगनमधल्या एका जंगलात ही ओळखपरेड आणि डीएनएची तपासणी दोन्ही करून १९९२ साली जाहीर केलं, की तिथली आर्मिलारिया गॅलिका ही किमान १५ हेक्टरांवर पसरलेली एकच बुरशी आहे. वजन दहा हजार किलोंच्या वर, वय किमान दीड हजार वर्षं. वय काढलं ते दोराच्या चालीवरून. तिथल्या मातीत तो वर्षाला जेमतेम वीतभर सरकतो. वीतभर! बशीत धावणारा हाच तो गडी. पुढे २०१८ मध्ये त्याच संशोधकांनी नवा हिशेब मांडला तेव्हा वय किमान अडीच हजार वर्षं आणि वजन चार लाख किलो निघालं. ओरेगनमधली तिची बहीण आर्मिलारिया ऑस्टॉये तर साडेनऊ चौरस किलोमीटरांहून जास्त जागा व्यापून आहे.

मला त्या २०१८च्या कामातली निराळीच गोष्ट लक्षात राहिली. त्यांनी १५ ठिकाणच्या नमुन्यांची संपूर्ण जनुकीय अक्षरमाला वाचली. सुमारे दहा कोटी अक्षरं. अडीच हजार वर्षं धागे फुटत, तुटत, जुळत राहिलेल्या त्या देहात सगळे मिळून १६३ बदल सापडले. एवढ्या काळात एवढ्या कमी चुका कशा, याचं धड उत्तर अजून हाती नाही. माझी एक पोथी तिसऱ्या नकलेत ओळखू येईनाशी होईल.

तर असा हा दोर. तो विचार करतो का? या प्रश्नाला हल्ली फार गिऱ्हाईक आहे. ब्रिटनमध्ये लिन बॉडी यांनी दोर वळणाऱ्या दुसऱ्या बुरशींवर, विशेषतः फॅनेरोकीटी व्हेल्युटिनावर, वर्षानुवर्षं काम केलं आहे. मातीच्या तबकात लाकडाचा एक ठोकळा ठेवतात. त्यातून चहूकडे पंखा निघतो. एका बाजूला नवा ठोकळा सापडला की तिकडचे धागे जाड दोरांत वळले जातात आणि बाकीच्या दिशांची फौज माघारी बोलावली जाते. नवा ठोकळा पुरेसा मोठा असेल तर जुनं घर सोडूनही देतात. एका प्रयोगात जुना ठोकळा उचलून, सगळे धागे खरवडून, कोऱ्या मातीत ठेवला; तर पूर्वी ज्या बाजूला खाद्य सापडलं होतं त्याच बाजूनं वाढ अधिक झाली. याला स्मरण म्हणा, माझी हरकत नाही. (टोकियोच्या रेल्वेचा नकाशा काढून दाखवणारा पिवळा जीव, स्लाइम मोल्ड, तो हा नव्हे. तो बुरशीच नाही, पण चित्रं नेहमी एकत्र फिरतात.)

हरकत आहे ती 'जंगलाच्या इंटरनेट'ला. १९९७ साली सुझान सिमर्ड यांनी दोन जातींच्या झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण होते असं दाखवलं, आणि तो निबंध छापणाऱ्या 'नेचर' या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावरच्या 'वुड वाइड वेब' या शब्दखेळातून ही उपमा निघाली ती निघालीच. मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशी असतात, बहुतेक झाडांना असतात, हे पक्कं आहे. पण आईझाड पिलांना ओळखून जेवू घालतं, झाडं एकमेकांना धोक्याचे निरोप देतात, वगैरे गोष्टींना प्रत्यक्ष जंगलातला पुरावा तोकडा आहे, असं २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सविस्तर लिहिलं. मला त्याहून साधी तक्रार आहे. इंटरनेट म्हटलं की बुरशी वायर होते, दोन झाडांच्या मधली. मीही पहिल्या दिवशी तिला वायरच समजले होते. ती कुणाच्या मधली नाही. तिचं स्वतःचं पोट आहे, आणि त्या पोटासाठी ती चालली आहे.

त्या दिवशी सालीखालच्या लाकडाचा तळहाताएवढा तुकडा मी काढून आणला होता, वर एक दोर चिकटलेला. आर्मिलारियानं पोखरलेलं ओलं लाकूड अंधारात चमकतं, असं वाचलं होतं. ही जुनी ख्याती आहे. रॉबर्ट बॉइलनं १६६७ मध्ये चमकणारं लाकूड काचेच्या भांड्यात ठेवून पंपानं हवा काढून घेतली, तर उजेड विझला. हवा सोडली, तर परत आला. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टला खाणींतल्या लाकडी टेकूंवर असे चमकणारे दोर भेटले होते. १७७५ साली अमेरिकेत बांधलेल्या टर्टल नावाच्या लाकडी पाणबुडीत होकायंत्र दिसावं म्हणून अशाच लाकडाचा उजेड वापरला, कारण मेणबत्तीनं आतली हवा संपली असती.

रात्री मी तो तुकडा घेऊन न्हाणीघरात गेले, दाराच्या फटीला टॉवेल लावला, दिवा बंद केला आणि उलट्या बादलीवर बसले. पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटं काही नाही. स्वतःचंच हसू यायला लागलं. वैतागून मान वळवली तेव्हा डोळ्याच्या कडेला काहीतरी फिकट हललं. सरळ पाहिलं की नाहीसं. पुन्हा नजर जरा बाजूला नेली आणि तिथेच धरून ठेवली. हळूहळू तुकड्याचा आकार दिसू लागला, निळसर हिरवा, इतका मंद की उजेड म्हणायला जीभ धजेना. आणि त्या मंद पट्ट्याच्या मधोमध एक काळी रेघ, तिला शेवटी एक फाटा. दोर काही चमकत नव्हता.